बोकडाचा वास

मंगळवार, देवगाव रंगारी

आज आबांनी आमच्या बोकडाला काठीनं इतकं मारलं की त्याचं शिंग मुळातून तुटलं. डोळ्यात रक्त उतरलं तरी तो जागचा हलला नाय. आबा ओरडत होते, "शेळ्या माजावर येऊन गेल्या, हा हुंगत बी नाय. बायला!" मी काठी हिसकावून मोडली. आबांनी माझ्या कानाखाली वाजवली.

जखम बांधता बांधता जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "बोकडाला केवढा वास असतो, याचा कुठं गेला? गोचिडाला काय लावता?"

कपाशीवर फवारतो तेच औषध. दर आठवड्याला मीच चोळतो.

"मग त्यानंच नराचं हार्मोन मारलं असंल," डॉक्टर म्हणाले. आबा खाली बसले.

वास कधी गेला? माझ्या ध्यानात कसं आलं नाय?

हातमोजे मी कधीच घातले नाहीत. तीनदा साबण लावला, तरी बोटांना औषधाचाच वास. आत आई माझ्या बायकोला म्हणतेय, "चार वर्षं झाली, पाळणा हलंना. खोट तुझ्यातच हाय."

काठी मोडणारा मी, इथं वास घेत बसलोय. तोंड उघडत नाय.