डाळिंबाचा पिवळा

नाशिक, दि. ३ ऑगस्ट १९९८

चि. सौ. आशा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तुमच्या नांदगावचे बारा किलो सूत पोचले. कातणी एकसारखी आहे. गालाला लावले तरी टोचत नाही. कोकरांची पहिली लोकर आहे, हे पुण्याच्या दुकानवाल्या बाई डोळे मिटून ओळखतील. पण रंग फसला. डाळिंबाच्या सालीचा स्वच्छ पिवळा यायचा, तो शेवाळासारखा काळपट आला. सालीला लोखंड लागले की असेच होते. रिठ्याच्या पाण्यात लोकर मातीच्या भांड्यातच भिजवायची, हे मी चार वेळा लिहिले होते. तुमच्या नवसाबाईंनी लोखंडी घमेले वापरले असणार. मी अंबडच्या कारखान्यात फिटर होतो, रंगकाम कुणी शिकवले नाही. नऊ वर्षे स्वतःचे हात रंगवून शिकलो आहे. मला फसवता येत नाही. सूत परत पाठवत आहे. हे पत्र सगळ्या बायकांना वाचून दाखव, म्हणजे शिस्त लागेल.

मळ्यातल्या रंगकामाच्या नव्या शेडमध्ये बोअरला भरपूर पाणी लागले. घरच्या आडावरून पाणी ओढणे संपले.

माया आहेच, पत्राला उशीर करू नकोस.
तुझा यादवदादा

नांदगाव, दि. ११ ऑगस्ट १९९८

ती. दादास,
आशाचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून दाखवले. दाखवायला नको होते. नवसाबाई उठल्या. घरी गेल्या, लोकर भिजवायचा मातीचा रांजण उचलून आणला आणि माझ्या ओट्यावर ठेवून निघून गेल्या. त्यांच्या घरात घमेले एकच आहे, त्यात शेळी पाणी पिते. कातणाऱ्यांतल्या अंबूबाई मात्र म्हणाल्या, की एवढी पारख हाय तर दादानं सोताच कातावं, आम्ही लय हौसेनं बघाया येऊ.

लहानपणी आमटी खारट झाली की तू आधी आईकडे बघायचास, मग माझ्याकडे. मीठ तूच टाकलेले असायचे. दुसरी कुठली लोकर तुझ्या रंगाच्या त्याच टाकीत रंगवून बघ ना एकदा. आणि पुण्याच्या बाईंना काय कळवलेस, ते खरे लिही.

रागावलास तरी विसरू नकोस.
तुझी आशा

नाशिक, दि. २० सप्टेंबर १९९८

चि. सौ. आशा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तू म्हणालीस म्हणून नव्हे, माझ्याच मनात आले म्हणून मालेगावच्या बाजारची लोकर रंगवली. तीही काळपट. मग तिचीच एक लड आडाच्या पाण्यात रंगवली, तर पिवळीधमक! बोअरचे पाणी तपासून घेतले. त्यात लोह आहे. तेव्हा दोष पाण्याचा होता.

पुण्याच्या बाईंना मी ऑगस्टमध्येच लिहिले होते, की नांदगावच्या बायका निष्काळजी आहेत. त्या तरीही नवसाबाईंच्याच हातचे सूत मागत आहेत, दिवाळीनंतर तीस किलो. नाहीतर काहीच नको म्हणतात. बाईंना कातायला बसव.

घरातल्या सर्वांची आठवण असू दे.
तुझा यादवदादा

नांदगाव, दि. १ ऑक्टोबर १९९८

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

दोष पाण्याचा होता, एवढेच लिहिलेस. तेही वाचून दाखवू का, असे नवसाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, कागद नको, ज्यानं बोल लावला त्यानं यावं. त्यांचा मुलगा ऊसतोडीला निघाला आहे आणि त्यांना बरोबर चल म्हणतो. भाऊबीजेपर्यंत थांबते म्हणाल्या. तू लिहिलेले सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, दादा. त्या पाणवठ्यावर मान खाली घालून जातात.

भाऊबीजेला ये. आधी त्यांच्या दारात दोन शब्द बोल, मग माझ्या पाटावर बस. उलट क्रमाने आलास, तर मी ओवाळणार नाही.

वाट पाहते.
तुझी आशा

नाशिक, दि. १४ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. आशा हिस,
अ. उ. आशीर्वाद.

भाऊबीजेला येणे होत नाही. आडाचे पाणी शेडपर्यंत आणायला पाइप टाकायचा आहे. दीड इंची, एकशे चाळीस फूट. उतार जरा चुकला तरी पाणी साचते. दुसऱ्यावर सोडण्यासारखे काम नाही. ओवाळणीची साडी माझा दिनेश घेऊन येईल.

नवसाबाई थांबल्या असतील, तर थांबू नका म्हणून सांग.

लोभ कमी करू नकोस.
तुझा यादवदादा