चार लाल रिंगा

झोल्दो, इटली, ३ मार्च २००८

चि. रुजेरो यास दोसोलिना आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही जर्मनीत सुखरूप पोचलात, आईस्क्रीमचं दुकान उघडलंत, हे तुझ्या नीवेसने शेजारच्या आर्मिदाला फोनवर सांगितलं आणि आर्मिदाने माझ्या कानात ओरडून मला. पुढलं मात्र पत्राने कळव. फोनवर मला फक्त माझंच बोलणं ऐकू येतं.

तू जाताना बसवून दिलेली शेगडी झकास चालली आहे. सकाळी भुसा दाबून केलेल्या लाकडी गोळ्यांची पिशवी ओतली की दिवसभर बघायला नको. एक्याऐंशीव्या वर्षी लाकडं फोडण्यातून सुटले. गल्लीतल्या बायका काचेआडचा जाळ बघून गेल्या. आर्मिदाचा नवरा टीव्हीसमोर बसावं तसा तासभर शेगडीसमोर बसला आणि उठताना म्हणाला, की बातम्यांपेक्षा हे बरं. मी सगळ्यांना सांगते, गाडी भरून तयार, बायको भोंगा वाजवतेय, आणि आमचा रुजेरो शांतपणे धुराच्या नळ्या जोडतोय. लोण्यात सुरी जावी तशा एकीत एक गेल्या. आईस्क्रीमवाल्याच्या हाताला मशीन कळतं.

नळीमागे भिंतीवर काळसर रेघ उमटते, ती पुसते. थोडा वास येतो. नवीन आहे, जाईल. डोकं जड झालं तर खिडकी किलकिली करते, की बरं वाटतं.

मुलांना पापे. आत्याची आठवण ठेवा, म्हणजे झालं.

तुझी आत्या

•

फुल्डा, १२ मार्च २००८

ती. दोसोलिना आत्यास रुजेरोचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. इथे ऊन पडलं की लोक कोट घालूनच आईस्क्रीम चाटायला रांग लावतात. लेमनचं मशीन कुरकुरतंय. रोज रात्री सगळी मशिनं खोलायची, रबरी रिंगा काढून धुवायच्या, तुपासारखी ग्रीस लावायची, सकाळी परत बसवायच्या; माझा जन्म यातच जाणार. काल हत्यारांच्या पेटीत नीवेसला चार लाल रिंगा सापडल्या. कुठल्याच मशीनला बसत नाहीत. ती म्हणते, तू एखादं मशीन पोटात घातलंस का?

आता एक रागावून सांगतो. आर्मिदाही फोनवर म्हणाली, तू शेगडी चालू ठेवून खिडकी उघडतेस. अगं, तू काय सगळ्या दरीला ऊब देणार आहेस? खिडकी घट्ट लावून बस. एवढी चांगली शेगडी आणून दिली ती कुडकुडायला नाही. हट्ट करू नकोस.

मुलांचा नमस्कार. रागावलो तरी तुझाच आहे, सांभाळून घे.

रुजेरो

•

झोल्दो, २४ मार्च २००८

चि. रुजेरो यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितल्यापासून खिडकी लावलेली आहे. त्या बाबतीत काळजी करू नकोस.

दुसरी एक गोष्ट लिहायची लाज वाटते. हे पत्र नीवेसला वाचून दाखवू नकोस. मला काहीतरी होतं आहे. परवा कॉफीत मीठ घातलं. पत्ते खेळताना आर्मिदाच्या नवऱ्याचं नावच आठवेना. तोंडावर बघत बसले. तो हसला, पण आर्मिदा हसली नाही. डोकं सारखं ठणकतं. दुपारी बसल्या जागी झोप लागते, आणि उठले की पाय भिजल्या पावासारखे. मंगळवारी शेगडीपुढेच पडले. लागलं नाही. पण उठून उभी राहीपर्यंत हे कोणाचं स्वयंपाकघर ते कळेना.

माझी आई शेवटी अशीच झाली होती. आता माझी पाळी दिसते. तुला त्रास द्यायचा नव्हता, म्हणून मागच्या पत्रात लिहिलं नाही.

जमेल तेव्हा चार ओळी पाठव, वाचायला येतंय तोवर.

तुझी आत्या

•

फुल्डा, २ एप्रिल २००८

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून हिंडतो आहे. नीवेसला दाखवलं, रागावू नकोस. आम्ही रात्रभर बोललो. ऑक्टोबरपर्यंत दुकान सोडून मला येता येत नाही आणि तू एकटी शेगडीपुढे पडतेस, हे मनातून जात नाही.

खाली दरीत वृद्धाश्रम आहे, तिथे मी फोन केला होता. मे महिन्यात एक खोली रिकामी होते आहे. खिडकीतून आपला डोंगर दिसतो म्हणे. सोबत कागद पाठवला आहे, खाली सही कर. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि मी तुला असा कागद पाठवतो आहे. लिहिताना मान वर होत नाही. पण आत्या, तुझं डोकं आता साथ देत नाही, हे आपण दोघांनी मान्य करायला हवं.

समजून घे. तू नाही घेतलंस तर कोण घेणार?

रुजेरो

•

झोल्दो, ११ एप्रिल २००८

चि. रुजेरो यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

सही करून कागद पाठवला. तू बरोबर केलंस. मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा रडले, पण ते म्हातारपणाचं रडणं, मनावर घेऊ नकोस.

इथे एप्रिलमध्ये कंबरभर बर्फ पडला आणि वीज गेली. विजेशिवाय तुझी शेगडी मुकी. मग मी मागच्या खोलीत गेले आणि बाबांची जुनी लाकडाची शेगडी पेटवली. तीन दिवस तिथेच राहिले. काय सांगू तुला! पहिल्या दिवशी संध्याकाळी डोकं हलकं झालं. दुसऱ्या दिवशी बिटाचे कानोले केले, वर खसखस घालायलासुद्धा विसरले नाही. पत्त्यांत आर्मिदाला आणि तिच्या सिल्व्हियोला, बघ, नाव आठवलं, ओळीने हरवलं. बाबांच्या गोठ्यातल्या सगळ्या गाईंची नावं म्हणून दाखवली. वाटलं, जायच्या आधी देवाने चार चांगले दिवस हातावर ठेवले.

काल वीज आली. तुझी शेगडी लावली, खिडकी बंद केली, आणि रात्री ओकारी होऊन पुन्हा तेच. आज अक्षर वाकडं येतंय. म्हणून म्हणते, मला लवकर ने. शेगडी तू घेऊन जा, इथे फुकट पडून राहील.

काही चुकलं असेल तर पोटात घाल.

तुझी आत्या

•

फुल्डा, १६ एप्रिल २००८

ती. आत्यास. नमस्कार लिहायचीही लाज वाटते.

हे पत्र येईपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तुझं पत्र मी दुकानात उभ्याउभ्या वाचलं. गाईंच्या नावांपाशी हसलो. पुढच्या ओळी वाचल्या आणि समोर नीवेसने काउंटरवर ठेवलेल्या चार लाल रिंगा दिसल्या.

आत्या, त्या तुझ्या नळ्यांच्या आहेत. लाकडाच्या शेगडीतला धूर आपणहून वर ओढला जातो, सांध्यात फट असली तरी निभतं. या शेगडीत पंखा धूर ढकलतो, म्हणून प्रत्येक सांध्यात रिंग लागते. मी त्या रोजच्या सवयीने काढल्या, ग्रीस लावायला. पेटीच्या झाकणावर ठेवल्या. नीवेसने भोंगा वाजवला आणि मी नळ्या तशाच सारल्या. लोण्यात सुरी गेली, कारण आत अडवायला काही नव्हतंच. दीड महिना तू विषारी हवा घेत होतीस. खिडकी उघडून तू स्वतःला वाचवत होतीस, ती मी बंद करायला लावली. आणि त्या हवेने तुझं डोकं फिरलं तेव्हा मी वृद्धाश्रमाला फोन केला.

आर्मिदाला लगेच फोन केला. तिने शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या. सिल्व्हियो तुला इस्पितळात नेतो म्हणाला. मग आर्मिदा म्हणाली, की आम्हाला वाटलं होतं तुझ्या हाताला मशीन कळतं.

गावातल्या कोणाच्या डोळ्याला डोळा कसा भिडवू? तुझ्या तर नाहीच. रिंगा वेगळ्या पाकिटातून पाठवतो आहे, पण शेगडीला माणूस बोलावून हात लावू दे. माझा हात नको.

क्षमा माग म्हणालीस तर कुठे आणि कशी, ते लिही.

रुजेरो

•

झोल्दो, २५ एप्रिल २००८

चि. रुजेरो यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

इस्पितळात तोंडाला ऑक्सिजन लावून ठेवलं, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, आणखी एक रात्र गेली असती तर भेट झाली नसती. हे तुला न लिहिण्याचं ठरवलं होतं. पण मी आधी एकदा लपवलं त्याचं काय झालं ते दिसलंच. आता सगळं लिहायचं.

खालून शेगडीचा माणूस आला. नव्या रिंगा घातल्या. नळ्या बसवताना त्याला गुडघा टेकून जोर लावावा लागला. यंत्राने आत दाब देऊन बघितलं, कुठेही गळत नाही. विषारी हवा ओळखणारी धोक्याची घंटाही भिंतीला लावली. मला ऐकू येणार नाही म्हटल्यावर लाल दिवा लुकलुकणारी शोधून आणली. तुझ्या रिंगा पोस्टाने आल्या. त्या शेगडीजवळ खिळ्याला टांगल्या आहेत, ऑक्टोबरात जेवायला बसशील तेव्हा समोर दिसाव्यात म्हणून.

एकदाच बोलते, मग नाही. रिंगा विसरलास ही हाताची चूक, ती मी कधीच सोडून दिली. पण तुझ्या आत्याचं डोकं गेलं, हे तुला एका पत्रात पटलं. ते मला लागलं. आणि त्याहून लाज याची वाटते की मलाही पटलं. पन्नास वर्षं हे घर एकटीने चालवलं, आणि एका कागदावर गुमान सही केली. या घराबाहेर काढायला धूर लागला नसता रे, तुझा शब्द पुरला असता. तेव्हा पुढल्या वेळी शब्द जपून वापर. आधी ये, माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळ, आणि मग काय ते ठरव.

काल बसने मी एकटी खाली जाऊन वृद्धाश्रमातून नाव काढून आले. तिथली बाई म्हणाली, पुन्हा लागली खोली तर नव्याने अर्ज करावा लागेल. मी सांगितलं, माझा भाचा करील, पण या वेळी स्वतःसाठी; विसरभोळा आहे तो.

घराची खिडकी उघडी आहे. बर्फ पडायच्या आत या.

तुझी आत्या