सेटचं भूतकाळी रूप

९ जून
दहावीची सकाळची बॅच. मागच्या बाकावर खुसखुस चाललेली. मोबाईल ओढून घेतला तर त्यात मनीषा. माझी बायको, माझ्याच स्वयंपाकघरात, ओट्यापुढं उभी राहून 'सेट' हा इंग्रजी शब्द शिकवायली! हातात दह्याचं पातेलं. "बघा लेकरांनो, विरजण लावलं, धक्का लावला न्हाई, दही सेट. सूर्य बी सेट होतो, पण तो थिजत न्हाई, मावळतो. घड्याळात आलारम सेट करतेत, म्हंजे लावतेत. सोन्याचा सेट म्हंजे हार अन् कानातले जोडीनं. अन् शेजारच्या काकू म्हणतेत, आमचा पोरगा पुण्यात सेट झाला. म्हंजे तो आता काही परत येत न्हाई."
सगळा वर्ग हसला. ती शेवटची कोटी माझी. परवा जेवताना मीच केली होती.
वैष्णवी म्हणाली, "सर, मॅडमसारखं शिकवा ना. लगेच डोक्यात बसतंय."
मोबाईल परत दिला. पॅसिव्ह व्हॉइस घेतला. कुणाच्याच डोक्यात बसला नाही.

१० जून
तिला विचारलं, हे कधीपासून? म्हणे, ती नोकरी करायची ती शाळा बंद पडली तेव्हापासून. पोरगी पुण्याला शिकायला गेली, मी दिवसभर क्लासवर, घरात एकटीचा जीव आंबून जायला लागला. "तुम्हाला दाखवणारच होते. पण तुम्ही चुका काढता."
"मी कशाला चुका काढू?" म्हणालो. आणि लगेच म्हणालो, ते 'लेकरांनो' काही बरोबर वाटत नाही.
ती कणीक मळायला गेली.

१२ जून
कंधारहून सासूबाईंचा फोन. "जावईबापू, आमच्या मनीचे व्हिडू सगळी गल्ली बघायली. तुम्ही बघितले का न्हाई?"
म्हणालो, वेळ मिळत नाही.
खरं म्हणजे सगळे बघितलेत. एकेक दोनदा. लग्न झालं तेव्हा हिला इंग्रजीत साधा अर्ज लिहिता येत नव्हता. मुखेडला आमच्या गावाकडच्या घरी ओसरीवर बसून मी एकेक शब्द सांगितला. आता हजारो लोक हिला मॅडम म्हणतात, आणि एकाही व्हिडिओत माझं नाव नाही. मागं माझा हात दिसतो एकदा. कपात चहा ओततानाचा.

१४ जून
सापडली. चूक सापडली! 'सेट'च्याच दुसऱ्या भागात म्हणते, "यस्टरडे आय सेटेड द टेबल." सेटेड!
क्लासच्या जिन्यात बसून नवीन खातं उघडलं. नाव ठेवलं 'एक अभ्यासक'. लिहिलं: "मॅडम, सेटचं भूतकाळी रूप सेटच. काल पण सेट, आज पण सेट. सेटेड असा शब्द नाही. शिकवण्याआधी शिकावं."
पाठवलं आणि जिवाला गार वाटलं.

१५ जून
नाष्ट्याला तिचा चेहरा उतरलेला. कमेंट मला वाचून दाखवली. मी चुरमुऱ्यांचा सुशीला खात होतो. म्हणालो, "असतात असे लोक."
"असतात न्हाई, बरोबर हाय त्यांचं," ती म्हणाली. "मला लाज वाटायली. एवढे लोक बघतेत अन् मी चुकीचं शिकवलं."
मला वाटलं होतं ती आता बंद करेल. वाटलं होतं म्हणजे, खरं लिहायचं तर, इच्छा होती.

१६ जून
नवीन व्हिडिओ. "एका अभ्यासक सरांनी माझी चूक दाखवली. सर, तुमचे लई आभार. अशीच नजर ठेवा."
खाली लोकांनी त्या अभ्यासकाला हात जोडलेत. कुणी लिहिलं, असे शिक्षक आता राहिले नाहीत.
इतक्या वर्षांत मी हिच्या किती चुका दुरुस्त केल्या. मला एकदा तरी...

२१ जून
अभ्यासकाला ती आता वेगळे मेसेज करते. सर, 'सेट ऑफ' म्हणजे निघणं, मग फटाके पण 'सेट ऑफ' कसे? सर, 'सेट इन'ला आपल्याकडचं उदाहरण सुचवा ना.
सुचवलं. थंडी सेट इन झाली म्हणजे नुसती आली नाही, बाडबिस्तरा घेऊन मुक्कामाला आली. लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू. क्लासमध्ये असं कधी सुचत नाही. तिथं मी फळ्यावर व्याख्या लिहितो.

२३ जून
जेवताना तिनं थंडीचं उदाहरण मलाच ऐकवलं. "किती सोपं करून सांगतेत बघा अभ्यासक सर."
म्हणालो, चूक आहे ते.
"काय चूक हाय त्यात?"
काही नव्हतं. तरी वाद घातला. बाडबिस्तरा कशाला, म्हणालो, भाषा म्हणजे काय तमाशा आहे का. माझ्याच वाक्याविरुद्ध घसा बसेपर्यंत बोललो.
"तुम्हाला त्या माणसाचा एवढा राग कामून येतो हो?"
काय सांगू. त्याच्याशी बोलताना हिच्या आवाजात जे असतं ते माझ्याशी बोलताना नसतं. आता आवाज म्हणजे मेसेजच, पण कळतं. त्याला ती विचारते. मला वाढते.

१ जुलै
लातूरहून बिरादार सरांचा फोन. औसा रोडला त्यांचा मोठा क्लास आहे. मनीषाला वर्षभरासाठी बोलावतात, दहावीचं इंग्रजी शिकवायला. राहायला क्लासच्याच इमारतीत खोली. फोन मीच उचलला. म्हणाले, "मॅडमचे मिस्टर का? जरा मॅडमला देता?"
नांदेडमध्ये एवढी वर्षं क्लास चालवतोय. लातूरहून मला कुणी फोन केला नाही.
संध्याकाळी तिनं विचारलं, "काय करू?"
"जा की. मी कोण सांगणारा?"
 मी पेपर तपासत राहिलो.

२ जुलै
तिनं अभ्यासकाला विचारलं. लांब मेसेज. "सर, घरी विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. ते रागावलेत का त्यांना काही वाटतच नाही, हेच कळेना. मला जायचंय, पण भीती वाटायली. मला जमंल का?"
दुपारची बॅच लवकर सोडली. 'त्यांना काही वाटतच नाही' हे वाक्य किती वेळा वाचलं!

४ जुलै
नको जाऊ, असं लिहिलं होतं. कारणंही चांगली होती. लातूरची जीवघेणी स्पर्धा, परकं गाव, तब्येत. वाचून बघितलं. एखाद्या अभ्यासकानं लिहिल्यासारखं वाटेना. खोडलं.
मग लिहिलं: "जा. तुम्हाला जमेल. तुम्ही शब्द समजावत नाही, त्याची ओळख करून देता. हे मला कधी जमलं नाही. घरचे रागावले असतील तर रागावू द्या, त्यांचं ते बघतील."
यातलं एकही अक्षर मी तिला तोंडानं सांगू शकलो नसतो. अभ्यासक माझ्यापेक्षा बरा माणूस आहे. म्हणून तर त्याचा एवढा राग येतो.

५ जुलै
तिनं बिरादारांना होकार कळवला. मला नंतर सांगितलं, अभ्यासक सर जा म्हणाले म्हणून.
माझं डोकं फिरलं. सल्ला माझाच, हे त्या क्षणी आठवलंसुद्धा नाही. "एका अनोळखी माणसाचं ऐकून घर सोडून चाललीस?"
ती शांतपणे म्हणाली, "घर न्हाई सोडायले. अन् त्यांनी निदान उत्तर तर दिलं."

१२ जुलै
तिला लातूरला सोडून आलो. एक बॅग, कुकर, दोन भांडी. खोली बरी आहे. खिडकीत चिंचेचं झाड. बिरादार सर वयानं मोठे, सभ्य निघाले. मी मनात काहीबाही रंगवून गेलो होतो.
खाली मुली घोळक्यानं उभ्या. मॅडम, फोटो! मॅडम, इकडं! एकीनं मोबाईल माझ्या हातात दिला. "काका, तुम्ही काढता का?"
काढला. चांगला आला.
परतीच्या गाडीत लोह्याजवळ शेजारच्यानं विचारलं, तब्येत बरी नाही का.

२० जुलै
घरात मी एकटा. दही लावलं, दूधच राहिलं. तिचा रोज फोन येतो: जेवलात का, कपडे दिलेत का इस्त्रीला. माझं उत्तर: हाव. अभ्यासकाला मात्र ती वर्गात आज काय झालं ते सगळं लिहिते. तिचा सगळा दिवस मला त्याच्याकडून कळतो.

२५ जुलै
अभ्यासकाला तिचा मेसेज. इथं उतरवून ठेवतो.
"सर, तुम्ही एवढं शिकवलंत, पण मला पहिलं इंग्रजी माझ्या मिस्टरांनी शिकवलं. ते फार चांगले शिक्षक आहेत. मी व्हिडिओत त्यांचं नाव घेत नाही, कारण त्यांना माझं काम हलकं वाटतं, मग त्यांचं नाव कशाला खराब करू? ते माझे व्हिडिओ बघत नाहीत. एकदा तरी बघावेत असं फार वाटतं. या रविवारी ते लातूरला येणारेत. तुम्ही पण या ना सर चहाला. तुमची दोघांची ओळख करून देते."
क्लासवर गेलो नाही. तब्येतीचं कारण सांगितलं.

२६ जुलै
दिवसभर विचार केला. खातं बंद करून टाकावं. की कामात आहे म्हणून कळवावं. की फोन करून सगळं सांगावं. फोन केलाही.
ती म्हणाली, "बोला."
म्हणालो, "रविवारी येतोय."
"हाव, माहीत हाय की."
एवढंच झालं.
मग अभ्यासकाकडून लिहिलं: "येतो."

रविवार
एसटीत लिहितोय, अक्षर हलतंय. आवडतात म्हणून तिच्यासाठी पेरू घेतलेत. अभ्यासक काय घेऊन जाईल, असंही मनात आलं. येड लागायची वेळ आली.
तिला कळलंय का? कधीपासून? 'सेटेड' पासूनच कळलं असेल तर? आणि कळलं नसेल तर ती दार उघडून माझ्यामागं बघेल. मागं कुणी नसेल. त्या वेळी तिच्या तोंडावर काय दिसेल, याचीच भीती. मला बघून आनंद होतो का, तो नाही म्हणून वाईट वाटतं.
चाकूर आलं. गाडी उभी आहे. आत्ताच अभ्यासकाला मेसेज आला: "सर, कुठपर्यंत आलात?" तो वाचतोय तोवर माझा फोन वाजला. मनीषा. "अहो, कुठपर्यंत आलात?"
"चाकूर," म्हणालो.
"बरं. या सावकाश."
फोन ठेवला. तिकडंही 'चाकूर' असं टाईप केलंय. अजून पाठवलं नाही. कंडक्टरनं घंटी दिली.