‘आलं’चा रकाना

मंगळवार, १४ जून

ती. ताईस,
ढब्बूचा नमस्कार.

दीड वर्षात साधा फोन नाही आणि आता एकदम जाडजूड पाकीट, म्हणजे कोणी गेलं की काय असं वाटेल तुला. कोणी गेलेलं नाही. हिचा खोकला सोडला तर घरी सगळे ठणठणीत. भावजीही मजेत असतील. तुझा गुडघा कसा आहे हे विचारायला मला तोंड नाही, म्हणून ते शेवटी विचारतो.

आधी कारखान्याचं सांगतो. गाद्या शिवायचं मोठं यंत्र परवा विकलं. हो, तेच, ज्याला हार घालून मी फोटो काढून घेतला होता. उसवणकाकींनी यंत्राकडे बघून नुसतं ‘सुटलं एकदाचं’ म्हटलं आणि पुन्हा कडा शिवायला बसल्या. त्याही मध्यंतरी सोडून गेल्या होत्या. तीन शनिवार मजुरी दिली नाही, कोण थांबेल?

गंमत बघ, धंदा वाढला होता. वसतिगृहांच्या तीनशे गाद्या, हॉटेलांच्या दोनशे. गादीमागे सहाशे रुपये नफा. मी हवेत! पण हॉटेलवाले पैसे देणार नव्वद दिवसांनी, कापूसवाल्याला हवेत पंधरा दिवसांत आणि कारागिरांना दर शनिवारी. जितकं विकलं तितका अडकत गेलो. त्यात बँकेने रोजच्या खेळत्या भांडवलासाठी दिलेलं कर्ज मी त्या यंत्रात घालून बसलो. मग मजुरीसाठी बाहेरून व्याजाने पैसे उचलले. सहाशेचे दोनशे कधी झाले कळलंच नाही. कागदावर नफा आणि खिशात भोपळा!

तुझ्या वहीत हे सगळं दिसलं असतं. ‘येणं’, ‘देणं’ आणि शेवटी तो चिंचोळा तिसरा रकाना, ‘आलं’. नऊ वर्षं तू दर सोमवारी ती वही माझ्यासमोर धरायचीस आणि म्हणायचीस, ‘ढब्बू, येणं म्हणजे आलेलं नव्हे.’ आणि मी काय केलं? नवा संगणकवाला आला त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणालो, ‘आमच्या ताईला एकच आलं कळतं, चहातलं!’ सगळे हसले. तूही हसलीस. दुसऱ्या दिवसापासून आली नाहीस. मला वाटलं, बरं झालं, कटकट गेली.

हे तुला माहीतच आहे. माहीत नाही ते आता लिहितो.

नोव्हेंबरात तू आली होतीस. कठड्याला धरून एकेक पायरी चढत. सुरुवातीला धंद्यात घातलेले तुझे अडीच लाख मागायला, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. मी म्हणालो, ‘ताई, येणं अडकलंय गं. आलं की पहिलं तुझंच.’ तू बरं म्हणालीस आणि पाणीही न पिता उतरलीस. मी वरून बघत होतो. खाली पोहोचायला तुला किती वेळ लागला, ते मला अजून आठवतं.

ताई, त्या दिवशी पैसे होते. वसतिगृहाचे तीन लाख सकाळीच जमा झाले होते. आलं होतं. तू गेल्यावर तासाभराने मी ते काचेच्या शोरूमची अनामत म्हणून भरले. पैसे नव्हते म्हणून नाही दिले असं नाही. माझी पाटी झळकावी म्हणून तुला लंगडत पाठवलं. हे मी हिलाही सांगितलेलं नाही. लाज वाटते हा शब्दसुद्धा लहान पडतो.

यंत्राच्या पैशांतून बँकेचं आणि कारागिरांचं भागलं. शोरूम सोडलं, अनामत परत मिळाली. त्यातलेच तुझे अडीच लाख सोबतच्या चेकमध्ये आहेत. आधी वठतो का बघ, मी म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नकोस. आता निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय गादी शिवत नाही. एक हॉटेलवाला हसून निघून गेला. जाऊ दे. महिन्याला चाळीसच गाद्या होतात, पण शनिवारी मजुरी होते.

गुडघा कसा आहे गं? ऑपरेशनची तारीख घे. मी दवाखान्यात बसेन, तू बोलली नाहीस तरी बसेन.

तुझी वही मीच लिहितो हल्ली. परवा ‘येणं’खाली ‘ताई’ असं लिहिलं आणि खोडलं. तुझं येणं धरून चालायचा हक्क मला नाही. कधी ह्या पायऱ्या चढलीस, तर तिसऱ्या रकान्यात तुझ्याच हाताने लिही. तोवर ती ओळ मी कोरी ठेवली आहे.

इतकी वर्षं फक्त चहातलंच आलं कळलेला,
तुझा ढब्बू