साडेबत्तीस किलोंबाबत विहीणबाईंना खुलासा

बाळकुम, ठाणे
बुधवार, दुपार

सौ. विहीणबाई रतनताई,

बाळकुमहून विनिताचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा हात सध्या खांद्याच्या वर जात नाही, पण जोडण्यापुरता येतो.) तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहात असं तुम्हीच लग्नाच्या बैठकीत सांगितलं होतंत. त्या हिशेबाने मी आशीर्वाद लिहायला हवा होता, परंतु सध्याच्या परिस्थितीत आशीर्वाद देण्याइतकी माझी पत राहिलेली नाही. धोंडीबारावांची कंबर आता कशी आहे? तुमच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा बदलून झाला का? आमच्या रुचिताच्या (‘आमच्या’ हा शब्द खोडणार होते, पण राहू द्या) पायात झोपेत गोळे येतात, ते तिने तुम्हाला सांगितलं नसेल. पायाखाली उशी दिली की बरं वाटतं. तिखट मागेल, देऊ नका. मग थोडंसं द्या.

आज अठरा दिवस झाले, तुम्ही फोन घेत नाही. ऋतुराज दर शनिवारी विठ्ठलवाडीला तुमच्याकडे येतो, बायकोला भेटतो, पोटभर जेवतो आणि घरी येऊन माझ्याशी एक अक्षर बोलत नाही. म्हणून हे पत्र. मुलाच्या आईने मुलीच्या आईला लेखी खुलासा देण्याची पद्धत आमच्या घराण्यात नाही, तुमच्याही नसावी. पण मी एकतीस वर्षं दुय्यम निबंधकांच्या कचेरीत दस्त तपासले आहेत. वाचल्याशिवाय मी कोणाला सही करू दिली नाही, आणि तोंडी बोलण्यावर माझा फारसा विश्वास नाही. तरी खालील मजकूर मी राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे, असं समजावं.

मूळ कारण आमचा दिवाण. हे गेल्यावर दुसऱ्या वर्षी थंडीच्या दिवसांत मी दिवाणाच्या खणातून रजई काढत होते. फळी एका हाताने धरून आत वाकले होते, ती सुटली आणि पाठीवर आली. कमरेपासून वरची मी दिवाणात आणि खालची बाहेर, अशी चाळीस मिनिटं होते. फळी काही फार जड नव्हती हो. पण ती वर ढकलायला माझ्या दंडांत ताकदच नव्हती. आतल्या डांबरगोळ्यांच्या वासात मला एवढंच कळलं, की घरात आपण एकट्या असलो आणि अंगावर काही पडलं, तर ते आपल्याला काढता येत नाही. रुचिता ऑफिसातून आली, तिने फळी उचलली, मला बाहेर काढलं आणि हसली नाही. (ऋतुराज हसला. तो वडिलांवर गेला आहे.) माजिवड्याच्या डॉक्टरांनी हाडं तपासून सांगितलं की ठिसूळ होत चालली आहेत, वजनं उचला. मी म्हटलं, फळी ढकलता येईल असं काही असेल तर उचलते. तर ते असतं, आणि त्याला बेंच प्रेस म्हणतात.

तुम्ही ते त्या दिवशी पाहिलंत, पण रागात पाहिलंत, म्हणून समजावून सांगते. बाकावर उताणं झोपायचं, पाय जमिनीत रोवायचे, लोखंडी रॉड छातीपर्यंत खाली आणायचा आणि परत वर ढकलायचा. डोक्यामागे एक माणूस उभा असतो. त्याचे हात रॉडखाली असतात, पण रॉडला लागलेले नसतात. रॉड अडकला तरच त्याने धरायचा. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये हे काम प्रीतम करतो. मुलगा चांगला आहे, फक्त त्याला कोणाचं मन मोडवत नाही. नुसता रॉडच वीस किलोंचा, तरी प्रीतमच्या देखरेखीखाली मी दोन महिन्यांत चाळीस किलोंवर गेले. दर वेळी तो वरून ओरडायचा, “काकू, सगळं तुमचंच आहे, मी फक्त बोट लावलंय!” मी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. तुमच्याकडे जे पेढे आले आणि ऋतुराजच्या बढतीचे म्हणून तुम्ही देवापुढे ठेवलेत, ते माझ्या चाळीस किलोंचे होते. ऋतुराजला बढती मिळालेली नाही. विहीण जिममध्ये जाते हे तुम्हाला कळू नये म्हणून मी तसं सांगितलं, आणि धोंडीबारावांनी त्याला पाकीट दिल्यावर त्याला वाकून नमस्कार करावाच लागला.

पुढे प्रीतम बहिणीच्या लग्नाला गावी गेला आणि डोक्यामागे रुचिता उभी राहिली. चाळीस किलो माझ्या छातीवर आले आणि तिथेच बसले. ती म्हणाली, आई, ढकला. मी ढकलतच होते. तेव्हा कळलं की प्रीतमच्या त्या बोटात निदान पंधरा किलो होते. (दोन महिन्यांत माझ्यापेक्षा त्याचीच पाठ रुंद झाली होती, हे मला आधी दिसायला हवं होतं.) मी घरी येऊन रडले. चाळीस किलो गेल्याचं दुःख नव्हतं, पण त्या दोन महिन्यांत मला खरंच वाटू लागलं होतं की आता कोणतीही फळी पडू दे. रुचिताने मला रडू दिलं, मग एक वही आणली. तिच्यात तिने दोन रकाने केले, ‘आईंनी उचललं’ आणि ‘मी हात लावला’. साडेबावीस किलोंपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. आठवड्यातून तीन दिवस, दर पंधरवड्याला दोन्ही बाजूंना मिळून अडीच किलो वाढवायचे. कधी पंधरवड्यात वाढले, कधी दीड महिना तिथेच अडले. वहीत तिने एकदाही खोटं लिहिलं नाही. रतनताई, सुनेने सासूविषयी एवढं खरं लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पुढे दिवस राहिल्यावर तिने वही तेवढी लिहावी आणि डोक्यामागे पुन्हा प्रीतमने उभं राहावं, तेही वहीच्या धाकात, असं ठरलं होतं.

आता त्या दिवसाबद्दल. प्रीतमला यायला उशीर झाला होता. बत्तीस किलो पाचशे ग्रॅमचा पहिलाच प्रयत्न होता, आणि रुचितानेच उभं राहण्याचा आग्रह धरला. तुम्ही डोहाळजेवणाची तारीख ठरवायला भाजणीचा डबा घेऊन न कळवता आलात. रॉड माझ्या छातीवर अडकलेला होता आणि पाच महिन्यांची पोटुशी रुचिता त्याला हात घालत होती. बाहेरून हे कसं दिसलं असेल, त्याचा मी अठरा दिवस विचार करते आहे. तुम्ही डबा ट्रेडमिलवर ठेवलात, रुचिताला दंडाला धरून बाजूला केलंत, आणि चक्कीत ओतायला गिऱ्हाइकाचा डबा उचलतात तसा तो रॉड एका दमात उचलून जमिनीवर ठेवलात. पदराला हात पुसलेत. मग जे बोललात, ते मला पाठ झालं आहे.

“विनिताबाई, पोरगी सून म्हणून दिलीया तुम्हाला, हमाल म्हणून न्हाई.”

‘विहीणबाई’ म्हणाला नाहीत, तेच जास्त लागलं. तुम्ही तिला तशीच रिक्षात बसवून नेलीत. पहिलं बाळंतपण माहेरी, हे मान्य. पण सातव्यात, ओटी भरून, वाजतगाजत. पाचव्यात, जिमच्या बुटांवर नाही. जाताना रुचिता वळून एवढंच म्हणाली, “आई, खांद्याला बर्फ लावा.” त्यावर तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत की मी बर्फ लावला नाही.

तेव्हापासून घर ओकंबोकं झालं आहे. वही रुचिताच्या टेबलावर आहे, मी तिच्यात काही लिहीत नाही, कारण दुसरा रकाना भरायला कोणी नाही. ऋतुराज तर समोर ताट असलं तरी उपाशी असल्यासारखा बसतो. तुम्ही मुलीच्या आई आहात, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत. मी तुमच्या जागी असते तर रॉड जमिनीवर ठेवला नसता, परत माझ्यावरच ठेवला असता. मी मनापासून माफी मागते.

धोंडीबारावांना नमस्कार, रुचिताला आणि तिच्या आतल्याला आशीर्वाद. (तेवढ्यापुरता माझा अधिकार शाबूत आहे असं धरून चालते.)

आपली,
विनिता

ता. क. — सही केल्यावर पत्र पुन्हा वाचलं. एक ओळ खोटी आहे. त्या दिवशी रुचिताने आग्रह धरलेला नव्हता. ती दोनदा म्हणाली होती की आज नको, प्रीतम येऊ दे. मीच म्हटलं, तू नुसती उभी राहा, मला तुझी गरज पडणार नाही. पडली. खोडाखोड केलेला दस्त मी कधी पास केला नाही, म्हणून ती ओळ तशीच ठेवून खाली दुरुस्ती लिहीत आहे. दोष संपूर्ण माझा.

ता. क. २ — पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी डोंबिवलीत एका व्यायामशाळेने ज्येष्ठ स्त्रियांची बेंच प्रेस स्पर्धा ठेवली आहे. साठ वर्षांवरील गटात मी एकटीच आहे. म्हणजे एकदा जरी रॉड वर गेला तरी सुवर्णपदक नक्की. डोक्यामागे उभं राहणारं माणूस ज्याचं त्याने आणायचं आहे. मी रुचिताला परत पाठवा म्हणत नाही. तिला बाळंतपण होईपर्यंत ठेवून घ्या, समोर खुर्चीत बसून तिने वही लिहिली तरी पुष्कळ झालं. माझी विनंती तुम्हाला आहे. त्या दिवशी तुम्ही रॉड उचललात तेव्हा मला आधी लाज वाटली नाही. आधी बरं वाटलं. हे गेल्यापासून माझ्यावरचं ओझं इतक्या सहज कोणी काढलं नव्हतं. तुम्हाला माझा राग आहे, तो राहू दे. रागावलेलं माणूस उगाच हात लावणार नाही, आणि अडकले तर सोडणार नाही, एवढा मला तुमचा भरवसा आहे.

ता. क. ३ — भाजणीचा डबा सोबत पाठवते आहे. (थालीपिठं मी एकटीने संपवली. उत्तम झाली होती.) रिकामा डबा परत करू नये, म्हणून आत रुचितासाठी नाचणीचे लाडू आहेत. लाडवांच्या खाली एक कागद आहे, तो फेकू नका, स्पर्धेचा अर्ज आहे. तुमच्या नावाने भरला आहे, वाचून सही तेवढी करायची. मुलांच्या विवाह नोंदणीला तुम्ही साक्षीदार होतात, तेव्हा तुमच्या आधार कार्डावरचं जन्मसाल मी वाचलं होतं. दोन वर्षं कोणाला बोलले नाही, पुढेही बोलणार नाही. पण अर्जात खरं लिहावं लागलं. तुम्ही माझ्यापेक्षा चार वर्षांनी नाही, पाच महिन्यांनी लहान आहात, म्हणजे आपण एकाच गटात येतो. मी खूप ढकललं तर तीस किलो. तुम्ही त्या दिवशी साडेबत्तीस उचललेत, तेही साडीत, श्वास न धरता. पदक जाणार हे मला कळतं. तरी अर्ज पाठवते आहे. माझ्या वेळी तुम्ही उभ्या राहा, तुमच्या वेळी मी राहीन.