भाव उतरला म्हणून

ता. १४ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. मोठ्या भावाला करायचा असतो म्हणून केला. वहिनीला मात्र मनापासून सांग.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. उरलेला एकच डोळा, म्हणून डॉक्टर स्वतःच जरा धास्तावले होते. सोमवारी पट्टी काढली. जेवण व्यवस्थित आहे, औषधं वेळेवर आहेत. तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू मधेच तोडतोस आणि मी गप्प बसते. पत्राला तुला मधेच तोडता येणार नाही.

पट्टी होती तेव्हा बाबांचा वेळ जाईना. त्यांनी मला पेटीतून पत्रांचा गठ्ठा काढायला लावला. ते तिकडे परदेशात वेल्डिंगच्या कामावर होते तेव्हा घरून गेलेली पत्रं. सगळी माझ्या अक्षरातली. आठवतंय ना? तू सांगायचास, मी लिहायची, आई शेजारी बसून मान हलवायची. त्यांनी म्हटलं, वाच. मी वाचत गेले. आणि त्यांच्या तिथल्या सातव्या वर्षाचं मार्चचं पत्र आलं.

“तिकडच्या पैशाचा भाव एकदम उतरलाय. एकाला बारा मिळायचे, आता आठच मिळतात. घर भागत नाही. धाकटीचं नर्सिंग कॉलेज थांबवलं. जमल्यास करार दोन वर्षं वाढवून घ्या.”

माझं कॉलेज थांबवल्याची बातमी मीच लिहिली होती, दादा. तू सांगितलीस तशी, शब्द न बदलता. बाबा पट्टीखालून म्हणाले, “माझ्या पगारानं तुझं शिक्षण खाल्लं गं पोरी.” तीस वर्षं ते हेच म्हणत आलेत. तुझ्यासमोरही शंभरदा म्हणालेत. तू दरवेळी म्हणायचास, “जाऊ द्या बाबा, नशीब.”

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. आमच्या वर्तमानपत्राच्या ग्रंथालयात जुने अंक बांधून ठेवलेत, ते तुला ठाऊक आहे. सातव्या पानावर खाली, हवामान आणि सोन्याचा भाव यांच्या मधे, रोजच्या विनिमय दराची चौकट असते. त्या मार्चचा खंड काढला. बारा पूर्णांक चाळीस. मला वाटलं, छपाईची चूक. एप्रिल काढला. बारा पासष्ट. मग एकेक करत करार वाढवलेल्या दोन्ही वर्षांचे सगळे खंड टेबलावर आणले. आमचा बाइंडर म्हणाला, “बाई, परीक्षा आहे का तुमची?” चोवीस महिन्यांत एकदाही भाव बाराच्या खाली आलेला नाही. दुसऱ्या डिसेंबरात तर तेरा झाला होता!

तेव्हाच मी तुला छापखान्यात फोन केला होता. काय म्हणालास ते लक्षात आहे?

“तीस वर्षांपूर्वीचं काय उकरत बसलीस? बँक कमिशन कापायची.”

“बारातले चार कमिशन?”

“गिऱ्हाईक उभं आहे,” म्हणालास आणि ठेवलास.

उभं राहू दे ना गिऱ्हाईक! तू उभा आहेस तो छापखाना कशावर उभा आहे? त्याच पावसाळ्यानंतर तुझं पहिलं यंत्र आलं. मित्रानं उधारीवर दिलं, असं तू सांगितलंस. बाबा आल्यागेल्याला सांगत फिरले, माझ्या पोरानं स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केला. तिकडे त्यांच्या कामावर आपल्याकडचं दुसरं कोणी नव्हतं, आणि तिथल्या बँकेच्या फळ्यावर आपलं चलन लावतच नसत. भाव विचारणार कोणाला? घरच्यांना. घरच्यांनी आठ सांगितला, आणि वरचे चार तू ठेवून घेतलेस. वाढवलेल्या कराराच्या चौदाव्या महिन्यात ठिणगी उडाली आणि त्यांचा उजवा डोळा गेला. तो तू विकलास, दादा. एकाला चारच्या भावानं विकलास.

एवढं लिहून मी दोनदा थांबले.

मला ठाऊक होतं. सगळं नाही, पण पुरेसं. मे महिन्यात मी तुझ्याबरोबर बँकेत आले होते. तू खिडकीशी होतास आणि मी फळ्यासमोर. पायऱ्या उतरताना मी म्हटलं, “दादा, तिथं बारा लिहिलंय.” तू म्हणालास, “तो विकायचा भाव. आपल्याला देतात तो वेगळा. तुला काय कळतंय त्यातलं?” आणि शेजारच्या दुकानातून मला मनगटी घड्याळ घेऊन दिलंस. मी अठरा वर्षांची होते, लहान नव्हते. ते घड्याळ हातात घालून मी पुढची पाच पत्रं लिहिली. पाचही पत्रांत आठ लिहिलं. तुला परत कधी विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल ते मला कळलं होतं.

मंगळवारी मी बाबांना सगळं सांगितलं. खंडांवरून उतरवून आणलेले भाव समोर ठेवले. त्यांनी कागद डोळ्याजवळ धरून सगळे चोवीस आकडे वाचले.

“म्हणजे पुरत होतं?”

“पुरत होतं.”

“मग मी त्याच वर्षी परत येऊ शकलो असतो.”

मी हो म्हटलं. मग घड्याळाचंही सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “पाच पत्रं?” मी म्हटलं, “पाच.” ते उठून गॅलरीत गेले.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. डोळ्यात थेंबसुद्धा माझ्या हातून घालून घेत नाहीत, शेजारच्या काकूंना हाक मारतात. मी तक्रार करत नाही. काल सकाळी मात्र कपबशी ठेवताना म्हणाले, “त्याला बोलाव.” शिव्या द्यायला की नुसतं बघायला, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

रविवारी ये. एकटा ये. वहिनीला ढाल करून आणू नकोस, आणि खिशात चेकबुक तर मुळीच नको. “त्या वेळची परिस्थिती” हे शब्द घरी ठेवून ये. मी दार उघडीन, पाणी देईन आणि आतल्या खोलीत जाईन. मी तुझी बाजू घेणार नाही. माझीही घेणार नाही. यायचं नसेल तर तसं मला कळवू नकोस, त्यांना कळव. स्वतःच्या अक्षरात.

बाबांशी खोटं बोललेल्या दोघांपैकी एक,
तुझी बहीण