धुतलेलं शेवाळ

केब्रादा ओंदा, पनामा
५ डिसेंबर

चि. योरलेनीस एदुविखेसमावशीचा पोटभर आशीर्वाद.

तू मागितलेलं शेवाळ बसच्या ड्रायव्हरकडे दिलंय. तुमच्या बेडूक वाढवायच्या केंद्रातले सोनेरी बेडूक ओढ्यात सोडले की बुरशी लागून मरतात, आमच्या झऱ्यावरच्या तपकिरी बेडकांना काही होत नाही, म्हणून ते बसतात त्या दगडांवरचं शेवाळ हवं, एवढं मला कळलं. बाकी शिक्षण तुझ्यापाशी. नाताळात बाळयेशूच्या गव्हाणीत अंथरायला करते तसं कढत पाण्यातून काढून, उन्हात वाळवून दिलंय. मावशीनं चिखल पाठवला, असं कुणी म्हणायला नको. तुरीचा नारळभात खात जा. फोटोत नुसती हाडं दिसतात.

माया आहेच, ती राहू दे.
मावशी


१२ डिसेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

शेवाळ फार सुंदर होतं. पण मावशी, मला त्यावरची घाणच हवी होती. तुझ्या बेडकांच्या कातडीवर बारीक जंतू असतात, ते बुरशीला अडवतात. बेडूक बसतात तिथल्या शेवाळातही ते सापडतात. आमचे बेडूक पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ काचपेटीत वाढले, त्यांच्या अंगावरचे राखणदारच गेले. जानेवारीत त्यांना ओढ्यावर सोडायचंय. यंदाही मेले तर हे काम कायमचं बंद, असं केंद्राचे साहेब म्हणालेत. रागावू नकोस. तुझं शेवाळ आमच्या गव्हाणीत लावलंय.

तुझीच,
योरलेनी


१६ डिसेंबर

चि. योरलेनीस आशीर्वाद.

घाण हवी, एवढंच आधी लिहायला काय झालं होतं? साबण लावला नाही हे तुझं नशीब. ओलं शेवाळ चिखलासकट केळीच्या पानात बांधून पाठवतेय. ड्रायव्हर म्हणाला, बाई, यात काय मेलंय? म्हटलं, जिवंत आहे म्हणून वास येतोय, तू गाडी हाक. कपडे धुणाऱ्या बायकांनाही झऱ्याच्या खालच्या अंगाला पिटाळलं. त्यांनी तोंडं वाकडी केली. करू देत.

बेडकांचं काय होतं ते कळव. झोप लागत नाही मेली.
मावशी


२० फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

सोडलेले सगळे वाचले नाहीत. पण तुझ्या चिखलातले जंतू वाढवून ज्यांच्या अंगाला लावले, त्यांतले बरेच अजून आहेत. साहेब बंदचं नाव काढत नाहीत.

काल ओढ्यावर गेले होते. तिथे पाण्याचा आवाज एवढा, की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. दगडावर एक नर पुढचा पाय उचलून हात करत होता; पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही म्हणून हे बेडूक हात करून बोलावतात, असं तू सांगायचीस, तसा. पेटीतही करतात, पण तिथे समोर मीच असते. या वेळी मी मागं वळून पाहिलं. पलीकडच्या दगडावरून एक मादी त्याला हात करत होती.

मी हळूच बाजूला झाले.

अशीच ओरडत राहा माझ्यावर.
योरलेनी